ससून डॉकला पहाटे जायचंय: किती वाजता, कसं, आणि पिशवी केवढी न्यावी?

सुक्याजवळ्याची_चटणी

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं मुंबईत राहून मी मासळीबाजारात फारशी गेलेच नाही, कारण आमच्या दारावर मावशी यायच्या. मंगळवार-शुक्रवार-रविवार, नऊच्या ठोक्याला डोक्यावर पाटी. त्या नेहमी म्हणायच्या, "तुझ्या दारात नऊला सरंगा यावा म्हणून मी चारला डॉकावर उभी असते गं." या गणपतीनंतर गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी फेरी बंद केली. तेव्हापासून डोक्यात आहे की एकदा ते डॉक बघायचंच. येत्या रविवारी जायचा बेत आहे. मी, जाऊबाई आणि शेजारची एक मैत्रीण. नवरा गाडी चालवेल पण खाली उतरणार नाही, असं त्याने लेखी दिल्यासारखं सांगितलंय.

शंका अशा: नेमकं किती वाजता पोचावं? दोन-तीन किलो मासे मिळतात का, की घाऊक म्हणजे घाऊकच? फोटो काढू देतात का? आणि तिघी बायकांनी अंधारात जायला ठीक आहे ना?

---

रात्रपाळीवाला

ताई, बायकांचं काय विचारता, तिथे राज्यच बायकांचं आहे. घाबरायचं झालं तर आम्ही पुरुषांनी घाबरावं.

माझी पाळी फोर्टात पहाटे चारला सुटते. महिन्यातून एखाद्या वेळी घरी जायच्या आधी चक्कर मारतो. पाचला पोचलात तर उत्तम. सातनंतर उरतो तो वास आणि पाणी. कुलाब्याच्या रस्त्यावरून आत वळताना घड्याळाचा जुना मनोरा लागतो, तिथपासूनच वाट विचारायची गरज नाही, नाक नेतं. मेट्रो-३ कफ परेडपर्यंत आली खरी, पण बाजार तिच्या आधी उठतो. त्यामुळे यजमानांची गाडीच बरी. ती मात्र आत नेऊ नका. बर्फाचे ट्रक, टेम्पो, हातगाड्या यांच्यात अडकलात तर सगळ्यांच्या शिव्या खाल.

आत गेल्यावर एकच नियम: "बाजू, बाजू" ऐकू आलं की मागे न बघता बाजूला व्हायचं. बघायला थांबलात तर पाटी तुमच्या खांद्यावरून जाईल आणि तिच्यातलं पाणी तुमच्या मानेतून.

---

टकलू_हैवान

चप्पल घालून जाऊ नका. गमबूट नसतील तर जुने बूट, जे परत आल्यावर टाकून देता येतील. बस्स, एवढंच.

---

दप्तरखाना

धागा छान आहे म्हणून थोडी भर. हे डॉक माशांसाठी बांधलेलंच नव्हतं. १८७५ मध्ये अल्बर्ट ससून यांनी, म्हणजे बगदादहून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांच्या मुलाने, समुद्रात भराव घालून ते उभं केलं. त्याआधी मोठी जहाजं बंदरात दूर नांगरून राहायची आणि माल पडावांनी किनाऱ्यावर यायचा. भरती-ओहोटीची पर्वा न करता जहाज धक्क्याला लागावं आणि कापूस थेट चढावा, ही त्यामागची कल्पना. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला होता, युरोप जवळ आला होता. पश्चिम भारतातलं या धर्तीचं हे पहिलं व्यापारी डॉक मानतात. कापसाच्या गासड्या गेल्या, माशांच्या पाट्या आल्या. २०१७ मध्ये तिथे मोठं कलाप्रदर्शन भरलं होतं. तेव्हा भिंतींवर लावलेल्या चित्रांसमोरून कोळणी पाट्या घेऊन चालल्या होत्या, आणि चित्रं बघायला आलेली मंडळी नाकाला रुमाल लावून कोळणींनाच बघत होती.

---

टकलू_हैवान

धागा मिसळीचा असो की मासळीचा, दप्तरखाना तो १८७५ ला नेऊन बांधणार.

---

नाखवीण_कुलाबा

मी बऱ्याच दिवसांनी लिहितेय. आमच्या घरची बोट होती, सासरे नाखवा, दीर तांडेल. आता बोट नाही, पण डॉक सुटत नाही. ताई, तुमचे प्रश्न वाचून काही गोष्टी आधीच सांगते, म्हणजे नंतर धाग्यावर रडगाणं नको.

पहिली गोष्ट. लोक म्हणतात, "डॉकवर एकदम ताजं म्हावरं मिळतं." कुठल्या अर्थाने ताजं? ससूनला येणारे ट्रॉलर आठ-दहा दिवस, कधी पंधरा दिवस समुद्रात असतात. निघताना डिझेल आणि फोडलेला बर्फ भरून घेतात आणि जाळं ओढलं की माल खणात, बर्फाच्या थरांत. पहिल्या दिवसाचं म्हावरं तळाला, परतीच्या वाटेवरचं वर. बोट धक्क्याला लागली आणि पाट्या झेलाझेली करत वर यायला लागल्या की सगळं "आत्ताच आलं" असतं. धक्क्यावर आत्ता आलंय. पाण्यातून कधी निघालं, ते त्या तांडेलाला विचारा. बर्फ नीट असेल तर ते म्हावरं वाईट नसतं, उलट दिवसभर उन्हात फिरलेल्या माशापेक्षा चांगलं. पण आज पकडलेलं आजच हवं असेल तर डॉक सोडा आणि छोट्या होड्या लागतात त्या बंदरावर जा.

बोंबलाचं तसंच. डोलीचे बोंबील हवेत तर वर्सोवा, वसई, अर्नाळा. डोल म्हणजे एका जागी बांधलेलं पिशवीसारखं जाळं. भरती-ओहोटीचा जोर जाळ्यात म्हावरं ढकलतो. म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला बोंबील भरपूर, आणि अष्टमीच्या आसपास भांग असते तेव्हा पाणीच ओढत नाही, तर बोंबील येणार कुठून? तुम्ही कोजागिरीनंतर आठवड्याने जाताय, म्हणजे भांगेतच. ससूनला ट्रॉलरचा आणि पर्ससीनचा माल. पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालून खालून आवळायचं मोठं जाळं. या दिवसांत बांगडा दिसेल. पर्ससीनवाल्यांना राज्याच्या हद्दीत सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुभा असते, त्यामुळे आता त्यांचा हंगाम आहे. पर्ससीनबद्दल माझं मत इथे विचारू नका, धागा भरकटेल.

दुसरी गोष्ट. लिलाव अख्ख्या टबाचा होतो. दोन किलो असं काही नसतं. लिलावात घेऊन तिथेच बाजूला वाटे लावून विकणाऱ्या बायका असतात, त्यांच्याकडून घ्या. दर लिलावापेक्षा जास्त, तुमच्या बाजारापेक्षा कमी. लिलावातच पडायचं असेल तर बोली लावण्याआधी टबात हात कोपरापर्यंत घाला. कोणी नको म्हणत नाही. नको म्हणालं तर तो टब सोडा.

आणि फोटो. जागा पोर्टची आहे, रखवालदार हटकतात, ते एक. दुसरं म्हणजे माझी आई तीस वर्षं तिथे बसली. अंगाला खवलं, केस विस्कटलेले, रात्रीची झोप नाही, आणि समोर कोणीतरी न विचारता कॅमेरा रोखून उभं. तुमच्या ऑफिसात येऊन कोणी असं केलं तर?

---

सुक्याजवळ्याची_चटणी

नाखवीणताई, केवढं लिहिलंत! तांडेल म्हणजे बोट चालवणारा ना? आणि दर खरंच तिपटीने कमी असतात का? माझी एक सहकारी तसं शपथेवर सांगते.

---

नाखवीण_कुलाबा

हो, तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य, मालक तो नाखवा. आणि तिप्पट वगैरे काही नाही. मोठा सरंगा, मोठी सुरमई, हलवा यांना हॉटेलवाले आणि बाहेर माल पाठवणारे टपून असतात. तो भाव तुम्हाला घाम फोडेल. स्वस्त पडतं ते बांगडा, मांदेली, ढोमा असलं.

---

पाककृतीत_मीठ_कमी

मी अन्नतंत्रज्ञान शिकवतो म्हणून एक मुद्दा. डोळे फुगीर व चकचकीत, कल्ले लाल, बोट दाबलं तर खळगा राहू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. बांगड्याच्या बाबतीत आणखी एक लक्षात घ्या. बांगडा, कुपा, सुरमई या जातींच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा बर्फाबाहेर राहिला तर जंतू त्याचं हिस्टामीन करतात, आणि ते एकदा झालं की तळा, उकळा, कालवण करा, जात नाही. मग तोंड लाल होणं, अंगावर गांधी, डोकेदुखी. लोक म्हणतात "मला बांगड्याची ॲलर्जी आहे". कित्येकदा ती ॲलर्जी नसते, बर्फ कमी पडलेला असतो. गाडीत थर्माकोलची पेटी आणि बर्फ घेऊनच जा.

---

बंदरावरचा_बगळा

भाऊच्या धक्क्यालाही जाऊन बघा. तोही तितकाच मोठा आणि उपनगरातून हार्बरने यायला सोपा. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांचं नाव. (दप्तरखाना, सन तुम्ही सांगा.)

---

दप्तरखाना

मूळ धक्का १८४१. टकलू, हे मी मागितल्यावर दिलंय, नोंद घ्यावी.

---

पालघरकर

एक विनंती. तळहाताएवढी पापलेटं वाट्यात दिसतील, स्वस्त मिळतील, घेऊ नका. २०२३ मध्ये राज्याने पापलेटला राज्य मासा केलं आणि त्याच वर्षी पन्नासहून अधिक जातींना किमान लांबीची अट घातली. ती अट बाजारात किती दिसते, ते तुम्हीच बघून सांगा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आम्ही बोटी ओढून ठेवतो, ते पिल्लं वाढावीत म्हणून. ऑगस्टात बारीक आसाचं, म्हणजे बारीक छिद्रांचं, जाळं टाकून तीच पिल्लं ओढायची असतील तर ते दोन महिने आम्ही उपाशी कशाला राहिलो?

---

रात्रपाळीवाला

+१. पण दादा, ते विकत घेणाऱ्याने थांबवायचं की पकडणाऱ्याने?

---

पालघरकर

दोघांनी. आधी पकडणाऱ्याने, हे मी मच्छीमार असूनच म्हणतोय.

---

सुक्याजवळ्याची_चटणी

वृत्तान्त. जाऊन आले. अंगाचा वास अजून पूर्ण गेलेला नाही, तरी लिहायला बसलेय.

पावणेपाचला पोचलो. नवऱ्याने बाहेर गाडी लावली, काच वर केली आणि डोळे मिटले. आत शिरताच पहिल्या मिनिटात जाऊबाईंच्या मानेत पाणी. रात्रपाळीवाले, तुमचं भाकीत शब्दशः खरं ठरलं.

मला वाटलं होतं, आधी आवाज लक्षात राहील. राहिला तो उजेड. धक्क्याला एकाला एक चिकटून इतक्या बोटी की पाणी दिसतच नाही, आणि प्रत्येकीवर पिवळे-पांढरे दिवे. शेवटच्या बोटीतला माल चार बोटी ओलांडून येतो. खणातून एकजण पाटी वर फेकतो, डेकवरचा झेलतो, पुढच्या बोटीवरचा झेलतो, धक्क्यावरचा झेलतो. एकानेही पाटीकडे बघितलं नाही. सगळे बघत होते ते समोरच्याच्या हातांकडे. मी पंधरा मिनिटं तिथे उभी होते. एक पाटी पडली नाही. एक सुरमई तेवढी निसटून दोन बोटींच्या मधे गेली, तर खलाशी पोर आडवं झोपून हात घालून काढायला लागलं. वरून तांडेल ओरडला, "हात चेपेल!" पोराने आधी सुरमई काढली, मग हात.

कोळंबी सोलायच्या शेडपाशी आणखी थांबलो. बुटक्या पाटावर बसलेल्या बायका, समोर बर्फातल्या कोळंबीचा ढीग. डाव्या अंगठ्याने डोकं मोडायचं, उजव्या चिमटीने साल ओढायची, दोन झटक्यांत काम. माझी मैत्रीण म्हणाली, मी एक सोलते तोवर यांच्या दहा होतील. एका मावशींच्या बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, खूप वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तशी. मी विचारलं, दुखतं का? म्हणाल्या, "दुखत नाय. कळतच नाय." मजुरी वजनावर.

फोटोचं कबूल करते. नाखवीणताईंचं वाचूनसुद्धा बोटींचा एक काढावा म्हणून मोबाइल वर केला. चौकटीत एक बाई आली. तिने पदर तोंडावर घेतला आणि मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोबाइल पर्समध्ये गेला तो घरी येईपर्यंत बाहेर आला नाही.

आता मुख्य गोष्ट. आम्ही लिलावात पडलो. पडलो म्हणजे अक्षरशः पडल्यासारखंच झालं. बांगड्यांचा टब, वर हे एवढे मोठे, पाठीवर हिरवट-निळ्या नागमोडी रेषा, डोळे काचेसारखे. बोली बावीसशेला होती. जाऊबाईंनी मान हलवली. मला अजून कळलेलं नाही की ती हो म्हणून हलवली की मानेतलं पाणी झटकायला. "तेवीस… चोवीस… पंचवीस… सव्वीस", आणि पुकारणाऱ्या बाईने टब आमच्या पायाशी सरकवला. दोन हजार सहाशे. साधारण वीस किलो. मागे फिरायची सोयच नव्हती, कारण मागे पुढचा लिलाव सुरू झाला होता.

नवऱ्याने काच खाली केली, टब बघितला, काच वर केली.

सोसायटीच्या मागच्या आवारात वर्तमानपत्रं पसरून वाटे लावले. एकशे अठ्ठावीस बांगडे. मोजले. वरचे ऐंशीएक सुंदर. त्याखाली आकार लहान होत गेला, आणि सगळ्यात खालचे चाळीस तर माझ्या वितीएवढेही नाहीत. त्यातले डझनभर मऊ पडलेले, पोट फुटलेलं. नाखवीणताई, कोपरापर्यंत हात घातला नव्हता. स्वेटरची बाही खराब होईल म्हणून. मऊ पडलेले टाकून दिले, हिस्टामीनवाल्या सरांची आठवण काढून. मांजरांना घालायला निघाले होते, मग त्यांनाही नको म्हटलं.

---

टकलू_हैवान

मान हलवली हे वाचून ऑफिसात मोठ्याने हसलो. जाऊबाईंना दंडवत.

---

नाखवीण_कुलाबा

अहो, स्वेटर घालून कोणी डॉकवर जातं का!

चिडू नका, पण त्या बाईने तुम्हाला फसवलं असं मी म्हणणार नाही. वर मोठं लावणं हे भाजीवाल्यापासून आंबेवाल्यापर्यंत सगळे करतात, आणि रोजचा गिऱ्हाईक ते धरूनच बोली लावतो. म्हणूनच इतरांनी पंचविशीला सोडलं. तुम्ही वरच्या थराच्या भावात तळ घेतलात. मात्र फुटलेल्या पोटाचा माल टबात भरायला नको होता, ती तिची चूक. पुढच्या वेळी आधी सांगा, मी येते.

---

पाककृतीत_मीठ_कमी

उरलेल्या शंभरएक बांगड्यांचं काय केलंत?

---

सुक्याजवळ्याची_चटणी

तीन घरांत वाटले, मजल्यावर दिले, वॉचमनदादांना दिले. फ्रीजरमध्ये आता बर्फाच्या ट्रेला जागा नाही. तिरफळं घालून कालवण झालं, तळून झाले, आज तिसऱ्यांदा आंबट-तिखट आहे.

सहा चांगले निवडून संध्याकाळी आमच्या मावशींच्या घरी नेले. खाटेवर बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टा. पिशवी उघडली, एक बांगडा उचलला, कल्ला वर करून बघितला, पोटावर अंगठा दाबला, शेपटीला धरून आडवा केला. वाकला नाही. मान डोलावली. मग दुसरा, तिसरा, सहाही तसेच तपासले. मला उगीच परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं.

"केवढ्याला?"

मी सांगितलं. टब, वीस किलो, सव्वीसशे.

"तळाला काय निघालं?"

मी काहीच बोलले नाही. त्या हसल्या आणि सुनेला हाक मारून म्हणाल्या, विळी आण.

---

रात्रपाळीवाला

मावशींना घेऊन जा एकदा. गाडी आहे, यजमान आहेत. डॉकावर खुर्ची मी आणतो.

---

सुक्याजवळ्याची_चटणी

विचारलं. म्हणाल्या, "खुर्चीवर बसून डॉक बघायला मी काय पाहुणी आहे?" पण मग जाताना विचारत होत्या, बोटी किती होत्या म्हणून.